बौद्ध कमी होत आहेत, म्हणजे नेमके कोण?

जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने जगातल्या धर्मांची दहा वर्षांची मोजदाद प्रसिद्ध केली. ख्रिस्ती वाढले, मुस्लिम वाढले, हिंदू वाढले, कुठलाच धर्म न मानणारेही वाढले. घटले ते फक्त बौद्ध. २०१० मध्ये ते ३४ कोटी ३० लाख होते, २०२० मध्ये ३२ कोटी ४० लाख उरले. जगाच्या लोकसंख्येतला त्यांचा वाटा ४.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर आला.

पुण्यात राहणाऱ्याला हे सहज पटत नाही. बुद्धपौर्णिमेला दापोडीपासून देहूरोडपर्यंत विहार माणसांनी भरलेले असतात. आळंदीजवळ मरकळला विपश्यनेची शिबिरे चालतात. हिंजवडीतल्या कंपन्यांत 'माइंडफुलनेस'ची सत्रे होतात आणि दिवाणखान्यात बुद्धाचा मुखवटा नाही असा नवा फ्लॅट शोधावा लागतो. मग घटले कोण?

मोजणीचा पहिला घोळ

धर्माची मोजणी बहुतेक ठिकाणी एका प्रश्नावर चालते: तुमचा धर्म कोणता? आपल्याला हा प्रश्न सरळ वाटतो, कारण शाळेच्या दाखल्यापासून आपण त्याचे उत्तर देत आलो आहोत. पूर्व आशियात तो तितका सरळ नाही.

आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामाला असताना कोणी 'वारकरी किती?' असे मोजायला निघाला, तर काय होईल ते बघा. तुळशीची माळ घालून एकादशी पाळणारे धरले तर एक आकडा येईल. पंढरपूरपर्यंत चालणारे धरले तर दुसरा. आणि हौसेने फक्त आळंदी ते पुणे चालणारे, भवानी पेठेत चहा-पोहे वाटणारे, नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी रांगेत उभे राहणारे, असे सगळे धरले तर तिसराच. तिन्ही आकडे खरे असतील.

चीनमध्ये हेच होते. 'तुमचा धर्म बौद्ध का?' असे विचारले तर शंभरातले चारेक जण हो म्हणतात. 'बुद्धाला किंवा एखाद्या बोधिसत्त्वाला मानता का?' असे विचारले, तर २०१८ च्या एका पाहणीत जवळपास तेहतीस जणांनी हो म्हटले. (बोधिसत्त्व म्हणजे इतरांची सुटका होईपर्यंत स्वतःचे निर्वाण लांबणीवर टाकणारा. चीनमधली करुणेची देवता ग्वानयिन ही अशीच एक.) प्यूने पहिला प्रश्न धरला, म्हणून त्यांच्या हिशोबात आज सर्वाधिक बौद्ध थायलंडमध्ये आहेत, चीनमध्ये नाहीत. दुसरा प्रश्न धरला असता तर सगळे चित्र बदलले असते.

म्हणजे घट खोटी का? नाही. एकाच देशात, एकच प्रश्न दोनदा विचारला तरी उतार दिसतो. दक्षिण कोरियाच्या जनगणनेत २००५ साली २२.८ टक्के लोकांनी स्वतःला बौद्ध म्हटले होते, २०१५ साली १५.५ टक्क्यांनी. पाहणीची पद्धत मध्यंतरी थोडी बदलली हे मान्य केले, तरी एवढा फरक पद्धतीच्या माथी मारता येत नाही.

देऊळ आहे, पुढचा पुजारी नाही

जपानचे उदाहरण जरा सविस्तर बघण्यासारखे आहे. सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्माला अटकाव करायचा म्हणून प्रत्येक कुटुंबाला एका बौद्ध मंदिरात नाव नोंदवायला लावले. पुढे सक्ती गेली, नाते राहिले. घराण्याची कबर त्या मंदिराच्या आवारात, मर्तिकाचे विधी तिथल्या पुजाऱ्याकडे, आणि त्या दक्षिणेवर मंदिराचा गाडा. पुजाऱ्यांना लग्नाची मोकळीक १८७२ पासून आहे, त्यामुळे मंदिर बापाकडून मुलाकडे जाते.

ही घडी गाव भरलेले असते तोवर चालते. मुले टोकियोला गेली की गावाकडच्या कबरीची देखभाल कोण करणार? मग कुटुंबे कबरच तिथून हलवतात आणि तिच्याबरोबर मंदिराशी असलेले नातेही संपते. पुजाऱ्याचा मुलगाही टोकियोतच नोकरीला असतो. एकेका पुजाऱ्याकडे दोन-दोन, तीन-तीन मंदिरांचा भार आलेला आहे. क्योटोच्या कोदाइजी मंदिराने २०१९ मध्ये प्रवचन देणारा यंत्रमानव उभा केला, त्याची बातमी आपल्याकडेही चवीने वाचली गेली. मला ती गंमत कमी आणि अडचण जास्त वाटली.

शिवाय जपानी माणूस बाळाला शिंतो देवळात नेतो, लग्न चर्चसारख्या सभागृहात करतो आणि मरतो बौद्ध म्हणून. धर्माची गाठ फक्त मरणाशी पडली की तरुणांना त्याची आठवण कशाला होईल?

त्यात जन्मदर. जपान, कोरिया, चीन, थायलंड या सगळ्या देशांत मुले फार कमी होत आहेत. थायलंडमध्ये २०२४ मध्ये पाच लाखांहून कमी मुले जन्मली. तिथे तरुणाने लग्नाआधी एक पावसाळा चीवर (भिक्खूचे वस्त्र) घालून विहारात राहायचे अशी रीत होती. आता नोकरीतून तेवढी सुटी मिळत नाही, तेव्हा अनेक जण पंधरा दिवसांत उरकतात. घरात एकच मुलगा असेल तर तो कायमचा भिक्खू व्हावा असे कुठल्या आईबापांना वाटेल? भिक्खूंना कुटुंब नसते, त्यामुळे संघ (भिक्खू-भिक्खुणींचा समुदाय) नेहमी इतरांच्या मुलांवरच चालत आला आहे. जन्मदर घसरला की इतर धर्मांना चटका बसतो, इथे मुळावरच घाव येतो.

कोरियातल्या विहारांनी हातपाय हलवले आहेत. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकापासून पाहुण्यांना विहारात मुक्कामाला ठेवण्याची योजना सुरू झाली. आता अविवाहित तरुण-तरुणींच्या ओळखी करून देणारी शिबिरेही विहारात होतात. भिक्खूच्या वेशात डीजे वाजवणाऱ्या एका विनोदी कलाकाराने २०२४ मध्ये तिथली तरुण मंडळी बौद्ध प्रदर्शनांकडे खेचली. थोरामोठ्यांनी नाके मुरडली नसतील असे नाही.

"पण ध्यान करणारे तर वाढलेत!"

वाढलेत, आणि ते या आकड्यांत नाहीत.

सत्यनारायण गोएंका मंडालेत जन्मले, म्यानमारमधल्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि १९६९ मध्ये ती घेऊन भारतात आले. १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झाले. ही साधना कुठल्याही धर्माच्या माणसाला करता येते, त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही, हे त्यांनी सुरुवातीपासून ठासून सांगितले. म्हणून तर ती जैन, हिंदू, ख्रिस्ती घरांत सहज पोचली. मरकळहून दहा दिवसांनी बाहेर पडणारा माणूस जनगणनेत आपला पूर्वीचाच धर्म सांगतो आणि त्यात काही विसंगती नाही. अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ताण कमी करण्यासाठी ध्यानाचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम बसवला, त्यातून बुद्धाचे नावही बाजूला ठेवले. आज कंपन्यांत जे चालते ते बहुतांशी त्याचेच वंशज.

हा बौद्ध विचाराचा विजय म्हणायचा का? अर्धा. आपली शिकवण जगभर पसरली याचा आनंद बुद्धाच्या अनुयायांना व्हायला हरकत नाही. पण ध्यान करणारा माणूस मुलाचे नाव ठेवताना, लग्न लावताना, वडील गेल्यावर कुठे जातो? विपश्यना केंद्र त्याला तिथे उपयोगी पडत नाही, ते त्याचे कामही नाही. साधना एका माणसाबरोबर येते आणि बहुधा त्याच्याबरोबरच जाते. मुलांपर्यंत पोचण्याचा तिचा असा रस्ता नाही. मला या सगळ्या चर्चेत हाच मुद्दा सर्वांत कळीचा वाटतो आणि तो पुण्याच्या डोंगरांत एकदा सिद्ध झालेला आहे.

कार्ले आणि जुन्नर काय सांगतात

कार्ल्याच्या चैत्यगृहातले, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहातले, खांब कोणी दिले ते खांबांवरच कोरलेले आहे. धेनुकाकटाहून आलेले यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे किंवा पश्चिमेकडचे परदेशी, त्यात आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, दिलेल्या दानाची नोंद सापडते. नाणेघाट आणि बोरघाट ओलांडणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पैशावर ही लेणी उभी राहिली.

मग व्यापार ओसरला, राजांचा कल बदलला, दान आटले आणि विहार ओस पडले. ऱ्हासाची कारणे अनेक आहेत, त्यावर वादही आहेत. पण अभ्यासक एका गोष्टीकडे वारंवार बोट दाखवतात. भिक्खू विहारात राहत, गृहस्थ त्यांना दान देत, पण त्या गृहस्थांच्या जन्म-लग्न-मरणावर बौद्ध असा ठसा फारसा नव्हता. जैन साधूंनी आपल्या श्रावकांशी नाते घट्ट बांधले, म्हणून राजाश्रय गेल्यावरही जैन समाज राहिला. बौद्ध गृहस्थ आजूबाजूच्या समाजात मिसळून गेले. आज कार्ल्याच्या लेण्याच्या तोंडाशी एकवीरा आई आहे, आणि लेण्याद्रीच्या गुहेत गिरिजात्मज. भाविकांच्या रांगा त्यांच्यासाठी लागतात.

महाराष्ट्राची उलटी वाट

आता देहूरोडकडे या. २५ डिसेंबर १९५४ रोजी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापना केली, नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. पुण्यात बौद्ध विचार त्यापूर्वीही होता. धर्मानंद कोसंबी १९१२ पासून काही वर्षे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत होते. पण तो वर्गातला आणि पुस्तकांतला बौद्ध विचार. देहूरोडला तो वस्तीत आला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांसह जे स्वीकारले त्याला नवयान म्हणतात. त्यात दुःखाचा अर्थ वेगळा लावलेला आहे. माणूस दुःखी आहे तो केवळ त्याच्या तृष्णेमुळे किंवा मागच्या जन्माच्या कर्मामुळे, असे मानले तर गावकुसाबाहेर राहणाऱ्याला त्याच्या दुःखाचा दोषी ठरवल्यासारखे होते. म्हणून माणसाने माणसाला दिलेले दुःख त्यांनी धम्माच्या मध्यभागी आणून ठेवले. विपश्यना आणि आंबेडकरी बौद्ध यांच्यात अधूनमधून खटके उडतात ते इथेच. 'डोळे मिटून बसल्याने जात जाईल का?' असे एक बाजू विचारते. 'मनातला द्वेष न जाता जात जाईल का?' असे दुसरी.

जपानशी तुलना करताना मला महत्त्वाची वाटते ती इथली घरगुती व्यवस्था. पांढऱ्या कपड्यांतले वधू-वर, त्रिसरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणे आणि पाच शीले), बौद्धाचार्यांनी, म्हणजे विधी करणाऱ्या गृहस्थांनी, लावलेला मंगल परिणय. नामकरण, गृहप्रवेश. कोणी गेले तर जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात वस्तीतल्या विहारात संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन. हे सगळे चालवणारी बहुतेक माणसे संसारी आहेत. दिवसा नोकरी, संध्याकाळी वंदना. पूर्णवेळ भिक्खू फार थोडे. यातले बरेचसे गेल्या सत्तर वर्षांत उभे राहिले आहे, आणि कार्ल्याच्या काळी जे नव्हते तेच नेमके यात आहे.

"हे तर राजकारण झाले, धर्म कुठे?"

हा आक्षेप पुण्यात चहाच्या टपरीवर सर्रास ऐकू येतो. जयंतीचा डीजे आणि पुढाऱ्यांचे फलक पाहून तो येतो हे समजण्यासारखे आहे. पण फलक कुठल्या धर्माच्या उत्सवात नसतात? शिवाय जगातले बौद्ध गट आता एकमेकांपासून शिकू लागले आहेत, आणि या देवघेवीत महाराष्ट्र नुसता घेणारा नाही.

संघरक्षित हे इंग्रज भिक्खू १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची बातमी आली तेव्हा नागपुरात होते. पुढे १९६७ मध्ये लंडनमध्ये त्यांनी बौद्ध मंडळ काढले. त्यांचे शिष्य लोकमित्र सत्तरच्या दशकात पुण्यात आले आणि त्यातून त्रिरत्न बौद्ध महासंघाचे इथले काम उभे राहिले. दापोडीचा महाविहार आणि भाजे लेण्यांच्या पायथ्याचे शिबिरस्थान त्यातलेच. या ओळखींतून हंगेरीतल्या रोमा, म्हणजे तिथल्या जिप्सी समाजातल्या कार्यकर्त्यांना आंबेडकर सापडले. ते महाराष्ट्रात येऊन गेले आणि २००७ मध्ये त्यांनी शायोकाझा गावात आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू केली. युरोपातली तिरस्कृत वस्ती 'जयभीम' म्हणते, हे मला कंपन्यांतल्या दहा ध्यानसत्रांपेक्षा मोठे वाटते. जपानमध्ये कोयासान विद्यापीठात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळा आहे. बोधगयेचे महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्या, ही मागणी नव्वदच्या दशकात लावून धरणारे सुरेई ससाई हे जपानमध्ये जन्मलेले, नागपूरला कर्मभूमी मानलेले भिक्खू. १९४९ च्या कायद्याने तिथल्या व्यवस्थापन समितीत चार हिंदू आणि चार बौद्ध सदस्य असतात. त्याविरुद्ध २०२५ मध्ये पुन्हा आंदोलन पेटले.

मग भारतात तरी संख्या वाढते आहे?

इथे अनेकांना धक्का बसतो. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख ४३ हजार बौद्ध होते, त्यातले ६५ लाख ३१ हजार महाराष्ट्रात. म्हणजे दर चारांतले तीनहून अधिक मराठी मुलखातले. पण आधीच्या दहा वर्षांतली वाढ जेमतेम सहा टक्के होती, देशाची लोकसंख्या मात्र १७.७ टक्क्यांनी वाढली. देशातला वाटा घटलाच.

एक कारण चांगले आहे. शिक्षण वाढले, शहरात आले, मुले कमी झाली. दुसरे कारण अर्जातल्या रकान्यात दडलेले आहे. १९५६ नंतर बौद्ध झालेल्यांच्या केंद्र सरकारकडच्या अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, त्या १९९० च्या दुरुस्तीने परत आल्या. मधल्या ३४ वर्षांत कित्येक घरांनी भिंतीवर बुद्ध लावला आणि दाखल्यावर 'हिंदू' राहू दिले. ती सवय कागदांतून अजून निघालेली नाही. नियम आज स्पष्ट आहे: धर्म बौद्ध आणि जात अनुसूचित यादीतली, असे दोन्ही एकाच वेळी लिहिता येते, त्याने आरक्षण जात नाही.

येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरली आहे आणि तीत सगळ्यांची जात नोंदवली जाणार आहे. जात सोडण्यासाठी ज्यांनी धर्म बदलला त्यांनी जातीच्या रकान्यात काय लिहायचे, ही चर्चा वस्त्यांत सुरूच असते. हक्कासाठी लिहावे लागते, मनाला रुचत नाही. कायदाही असाच अर्धवट. बौद्ध हा अल्पसंख्याक धर्म म्हणून अधिसूचित आहे, पण धम्मपद्धतीने लागलेल्या लग्नालाही १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू होतो. स्वतंत्र कायद्याची मागणी जुनी आहे. गुजरात सरकारने २०२४ मध्ये परिपत्रक काढून, बौद्ध हा वेगळा धर्म आहे, तेव्हा दीक्षेआधी परवानगी घ्या, असे सांगितले. म्हणजे परवानगीपुरता वेगळा, लग्नापुरता हिंदू.

"शांतीचा धर्म, मग म्यानमार?"

प्रश्न रास्त आहे. म्यानमारमध्ये भिक्खूंनी रोहिंग्यांविरुद्ध विखारी प्रचार केला, २०१७ मध्ये लाखो रोहिंग्या बांगलादेशात पळाले. श्रीलंकेतही भिक्खूंच्या संघटनांनी मुस्लिमांविरुद्ध आग लावली. धर्म राष्ट्राच्या बहुसंख्येचा झेंडा झाला की त्याची शिकवण त्याला वाचवत नाही. बौद्ध अपवाद नाहीत. महाराष्ट्रातले बौद्ध अल्पसंख्य आहेत आणि समतेच्या मागणीतून आलेले आहेत, म्हणून त्यांचा स्वभाव वेगळा राहिला.

पुढची सूत्रे कोणाकडे?

तिबेटी परंपरेत हा प्रश्न उघडच उभा आहे. दलाई लामा ६ जुलै २०२५ रोजी नव्वद वर्षांचे झाले. त्याच्या चार दिवस आधी त्यांनी जाहीर केले की परंपरा चालू राहील आणि पुढचा लामा ओळखण्याचा अधिकार त्यांच्या गादेन फोद्रांग न्यासालाच आहे. आमच्या मंजुरीशिवाय कोणी नाही, असे चीनचे म्हणणे. उद्या दोन दलाई लामा असण्याची शक्यता खरी आहे.

इतरत्र गुरूंचा दबदबाच उतरतो आहे. युरोप-अमेरिकेत मोठा शिष्यवर्ग असलेले तिबेटी गुरू सोग्याल रिनपोछे यांच्यावर २०१७ मध्ये त्यांच्याच शिष्यांनी अत्याचाराचे आरोप केले. थायलंडमध्ये जुलै २०२५ मध्ये ब्रह्मचर्य मोडल्याच्या प्रकरणात अनेक ज्येष्ठ भिक्खूंना चीवर उतरवावे लागले.

आणि विहार रिकामे होत असताना थायलंडचा संघ स्त्रियांना मात्र आत घेत नाही. स्त्रियांना दीक्षा देऊ नये हा तिथला आदेश १९२८ चा. धम्मनंदा या थाई बाईंना भिक्खुणी होण्यासाठी श्रीलंकेत जावे लागले. घटत्या संख्येवरचा इतका हाताशी असलेला उपाय नाकारण्यामागचे तर्कशास्त्र मला कळत नाही. श्रीलंकेत १९९० च्या दशकात भिक्खुणी संघ पुन्हा सुरू झाला. भूतानमध्ये जून २०२२ मध्ये १४४ स्त्रियांना पूर्ण दीक्षा मिळाली. आपल्याकडे भिक्खुणी मोजक्याच आहेत. पण विहारातल्या वर्षावासाच्या वाचनाला बसणाऱ्यांत बायका जास्त असतात, आणि काही ठिकाणी लग्नही महिला बौद्धाचार्य लावू लागल्या आहेत. त्यासाठी त्यांना कुठल्या संघाची परवानगी मागावी लागलेली नाही.